पोटातलं पाणी

"कधीपासून पितो हा?"

डॉक्टरनं माझ्या बापाचा सदरा वर केला, ताणलेल्या पोटावर बोटं वाजवली अन् मला विचारलं. बापाला नाय. सरकारी दवाखान्यातल्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर पोरं उभी.

"पीत नाय साहेब," बाप म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात. तुमच्या वस्तीत न पिणारा दाखव, पेढे वाटतो."

पोरं हसली. माझा बाप रोज विहारात पंचशील म्हणणारा. लग्नात कुणी बाटली काढली तर भरल्या ताटावरून उठणारा. त्यानं मान खाली घातली. माझ्या अंगाची आग आग झाली, पण गप बसले. शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगला आहे मी. सुपरवायझर ओरडला की गप बसायचं, हीच सवय.

पोटात पाणी का झालं, कुणी सांगेना. मग आम्हीच अक्कल चालवली. प्यायलेलंच साठलं असणार! आईनं त्याचं पाणी तोडलं. भर उन्हाळ्यात. बाप म्हणायचा, "घोटभर दे गं." आई रडत तांब्या लपवायची. तोंडाला चव नाय म्हणून भाकरीसंगं लोणचं मात्र रोज.

दवाखान्यात सुईनं पोटातलं पाणी काढलं. थोड्याच दिवसांत पोट पुन्हा टम्म.

"पुन्हा ढोसली वाटतं," डॉक्टर म्हणाला.

मी उठून वाटेत उभी राहिले.

"माझा बाप पीत नाय. पाणी का होतंय ते सांगा. त्याबिगर पुढच्या खाटेवर जाऊ देणार नाय."

"तुला काय कळणार?"

"कळेल असं बोला."

 मग डॉक्टर बोलला, कपाळाला आठ्या घालून. जुन्या काविळीनं लिव्हर दगडागत झालंय. रक्ताला नीट वाट मिळेना, म्हणून पोटात पाणी झिरपतं. मिठानं ते वाढतं. बापाचं प्यायचं पाणी तोडायची गरजच नव्हती.

म्हणजे काविळीचं डॉक्टरला ठाऊक होतं! तरी दारुडाच म्हणत होता.

 आईनं नवऱ्याला तहानेला ठेवला होता. आता ती चमच्यानं पाजते, तर त्याला गिळवत नाय. बाप वाचायचा नाय. दिसतंय मला.

भाऊ म्हणतो, "जाऊ दे ताई, त्यांच्याच हातात आहे बाप."

जाऊ दे म्हणूनच तर हे झालं. उद्या डॉक्टर राउंडला येईल, संगं तीच हसलेली पोरं. त्यांच्यापुढं त्याला म्हणावं लागेल, हा माणूस दारू पीत नाय. मोठ्यानं. बापाला ऐकू जाईल असं. म्हणेस्तोवर मी वाट सोडणार नाय.