खडूने लिहिलेला सात

शिर्केकाकांनी बॅटरी बिघडवली नाही. आम्ही बिघडवली.

आज काकांना जाऊन वर्ष झालं. सकाळी कंपनीच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. खाली हात जोडलेले, फुलं वगैरे.

आणि त्यात एका महाभागाने लिहिलं, "काका आणि काकांची बॅटरी, दोघंही टाइमच्या आधीच गेले."

त्यावर सहा जण हसले. मोजलेत मी.

लाज वाटते का रे थोडी तरी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिर्केकाका आमच्या सावली गावच्या प्लांटवर इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट चालवायचे. बॅटरी रूमही त्यांच्याकडेच. मी तिथे डिस्पॅच बघते. समाच्या स्टॉपवरून आम्ही एकाच स्टाफ बसमध्ये चढायचो.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "काका, ही बॅटरी किती तास चालते?"

"पूर्ण शिफ्ट. पण तिचं तिला दिलं तर."

तिचं म्हणजे आठ तास काम, आठ तास चार्जिंग आणि आठ तास नुसतं थंड होणं. दुपारी तीनला गाडी चार्जिंगला लावली की काका झाकणावर खडूने लिहायचे, "सकाळी ७". त्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही.

सकाळी आल्यावर आधी झाकणावर तळहात ठेवायचे. पोराला ताप आहे का बघतात ना, तसा. मग झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर. मगच स्वतःचा चहा.

आम्ही चेष्टा करायचो. गेटवरचा सिक्युरिटीवाला ओरडायचा, "काका, बेबी सूई गई?"

काका म्हणायचे, "हो. तू ओरडू नकोस, उठेल."

मग दिवाळीच्या ऑर्डरी आल्या.

काकांनी साहेबांकडे दुसरी बॅटरी मागितली. एक कामावर असेल तेव्हा दुसरी निवांत पडेल. साधी गोष्ट.

साहेब त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "अरे काका, टी-ब्रेकमां पंधरा मिनिट लगावी दो. लंचमां त्रीस मिनिट. चालशे."

"नाही चालणार, साहेब. माणसाला अशी तुकड्यातुकड्यांनी झोप दिली तर तो तरी किती दिवस उभा राहील?"

"मशीन छे काका, माणस नथी."

काका हटले नाहीत. ते ड्यूटीवर असेपर्यंत मधल्या वेळात प्लगला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पण तीनला गाडी लावली की त्यांची बस निघायची. बॅटरी रूमची किल्ली मग डिस्पॅचकडे.

म्हणजे माझ्याकडे.

त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी सात वाजेपर्यंत थांबत होते. साहेबांचा फोन यायचा, "बेन, गाडी काढो ने." आणि मी चार्जिंग अर्धवट तोडून गाडी काढायला लावायचे. चहाच्या वेळी पंधरा मिनिटं प्लग, पुन्हा काम, पुन्हा प्लग.

काढताधरताना खडू पुसला जायचा. मग निघताना मी स्वतः पुन्हा लिहायचे, "सकाळी ७". अगदी त्यांच्या वळणात.

सकाळी काका तळहात ठेवायचे. "आज गरम का गं लागतेय?"

"ऑक्टोबर हीट, काका."

हो, असंच म्हणाले होते मी. हसत.

दिवाळी संपेपर्यंत बॅटरीने मान टाकली. आधी लंचपर्यंत चालायची, मग सकाळच्या चहापर्यंत. एक दिवस भरलेलं पॅलेट वर उचललेलं असताना गाडी रॅम्पवर बंद पडली. नशीब, खाली कुणी नव्हतं.

बॅटरीवाल्यांचा माणूस आला, तपासून म्हणाला, चार्जिंग चुकीचं झालंय.

बॅटरी रूम कुणाकडे? शिर्केंकडे.

झालं! सगळ्यांसमोर मेमो वाचला. 'हेळसांड.' इतकी वर्षं त्या बॅटरीला लेकरासारखं जपणाऱ्या माणसाला हा शब्द! साहेब शेजारीच उभे. साळसूद चेहरा.

आणि मी? मी कॉम्प्युटरकडे बघत होते. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

त्या दिवशी बसमध्ये काका नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "पोरी, तुझा सात माझ्यापेक्षा गोल येतो."



मग विचारलं, "माल सगळा वेळेवर गेला ना?"

त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक असणार. तरी माझं नाव घेतलं नाही त्यांनी.

त्यांची गाडी काढून घेतली आणि पॅकिंगला खोक्यांना टेप मारायला बसवलं. दोन महिन्यांनी घरीच, सकाळचा चहा घेताना अटॅक आला. मेमोने माणूस मरत नाही, कळतं मला. पण तो डोक्यावर घेऊनच गेले ना ते!

आता गंमत ऐका. बॅटरी रूममध्ये चकचकीत बोर्ड लागलाय. आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड. मध्ये प्लग लावण्यास सक्त मनाई. खाली साहेबांची सही.

दुसरी बॅटरीपण आली. आता आली!

साहेब, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, वाचालच. मेमो मागे घ्या. लेखी. ज्या सगळ्यांसमोर वाचला गेला, त्यांच्यासमोरच. माझ्यावर काय कारवाई करायची ती खुशाल करा.

आणि ते सहा जण, तुम्हीही वाचा.

तेराव्याला काकूंनी मला आत स्वयंपाकघरात नेऊन विचारलं होतं, "खरं सांग गं, यांच्या हातून बिघडली का? शेवटपर्यंत काही बोललेच नाहीत."

मी म्हणाले, "जाऊ द्या ना काकू आता."

जाऊ द्या! काय जीभ माझी.

काकू फेसबुकवर नाहीत. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन हे सगळं वाचून दाखवणार आहे. मग त्यांनी दारातून हाकललं तरी चालेल.

नाही काकू. त्यांच्या हातून नाही बिघडली. माझ्या हातून बिघडली.

काका, तुमच्या पाया पडते. वर्षभर उशीर झाला.