नारळ कोणाच्या नावाने?

साइटवैनी नवी वेबसाइट सुरू करायच्या त्या दिवशी आमच्या आळीत सणच असायचा. लॅपटॉपला हळदकुंकू, पुढ्यात नारळ, आणि वैनी हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायच्या, "बा देवा म्हाराजा!" जमलेले आम्ही शेजारी ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" एरवी गाऱ्हाणं घालायचा मान गावच्या जुन्या पुरुषमाणसांचा. कोणी तसं सुचवलं की वैनी म्हणायच्या, "साइट केली मी नि देवाशी बोलणार दुसरा? त्याला पासवर्ड तरी ठाऊक आहे का?"

या गाऱ्हाण्यात माणसाचं नाव आणि त्याचं दुखणं, दोन्ही यावं लागे. "भाट्ये गावच्या सुलभाकडे लोक नारळाची रोपं न्यायला येतात नि ती नेमकी बाजारात असते, तेवढा त्रास दूर कर म्हाराजा!" मग सुलभा घरी कधी असते ते सांगणारी साइट सुरू व्हायची. नाव घेता येत नसेल तर साइट तयार नाही, हा नियम.

पहिली साइट त्यांनी स्वतःसाठीच केली होती. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, जहाजावर इंजिनिअर. फोन लावावा तर तिकडे झोपायची वेळ. म्हणून 'तिकडे किती वाजले' नावाचं एकच पान. रत्नागिरीत बोटीवर माणूस असलेली घरं काय कमी? आळीआळीतल्या बायका ते उघडू लागल्या. पुढच्या बारा साइट्सपैकी सात, कोणी उघडेनासं झालं तेव्हा, वैनींनी स्वतःच बंद केल्या. तेव्हाही गाऱ्हाणं असायचंच, "चुकलंमाकलं पोटात घाल म्हाराजा." लगेच दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी सुरू!

मी मात्र पुण्याची नोकरी सोडून दीड वर्ष एकच साइट करत बसले होते. आंबे, मासे, खोल्या, फेरीबोटी, सगळं कोकण एका जागी. गणपतीपर्यंत काही उभं राहिलं नाही तर परत पुण्याला जाईन, असा घरी शब्द दिला होता. आणि मला रत्नागिरी अजिबात सोडायची नव्हती. श्रावणात मोठ्या हौसेने नारळ आणून वैनींना बोलावलं.

"नाव कोणाचं घेऊ?"

"सगळ्या कोकणाचं!"

वैनींनी नारळ उचलून पिशवीत टाकला. "मग हा चटणीला नेते. कोकणाला कसलं गो दुखणं? दुखणं माणसाला असतं."

मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीत बसवून गणपतीपुळ्याला आपल्या मावसबहिणीकडे नेलं. तिच्या पाहुण्यांसाठीच्या तीन खोल्या. ती आणि तिचा नवरा आपापल्या फोनवरून एकच खोली दोघांना देऊन मोकळे व्हायचे. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दोन कुटुंबं एका किल्लीवरून भांडत होती. मला हसू आवरेना, आणि बोटं तर अशी शिवशिवायला लागली! तीन खोल्या, तीन चौकोन, दिलेली लाल, रिकामी हिरवी, दोघांच्या फोनवर तेच पान. दीड वर्षात जमलं नाही ते नऊ दिवसांत झालं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिच्याच अंगणात नारळ फुटला. गाऱ्हाणं वैनींनी मलाच घालायला लावलं. माझा आवाज चिरकला, पण "व्हय म्हाराजा" असं घुमलं की मावसबहिणीचे शेजारी धावत आले, आणि पान बघून त्यांनीही तसंच मागितलं. मी घरी सांगून टाकलं, पुण्याला जात नाही.

यंदा दादांना मस्कतला किनाऱ्यावरची नोकरी लागली. वैनीही निघाल्या. आदल्या दिवशी त्यांनी लॅपटॉपवर 'तिकडे किती वाजले' उघडून पुढ्यात शेवटचा नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, माझा माणूस आता माझ्या डोळ्यांसमोर राहणार. ही साइट बाकीच्या बायकांसाठी चालू राहू दे." मग त्यांनी चक्क माझं नाव घेतलं. "ही आता सांभाळील. माझ्यामागं हिला एकटं वाटू नये, तेवढं बघ." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

साइट आता मी सांभाळते. त्यात मी एकच गाव वाढवलंय, मस्कत. नवं काही सुचलं की आधी ते पान उघडते, तिकडे किती वाजले ते बघते आणि फोन लावते. मी धापा टाकत सगळं सांगून होईपर्यंत वैनी ऐकून घेतात. मग विचारतात, "कोणासाठी गो?"