लिस्बन ते माद्रिद

सुप्रभाच्या साहेबांचं आडनाव मोरी. मराठी माणसाला हे नाव गंभीर चेहऱ्यानं घेणं किती अवघड, ते तिलाच ठाऊक. पण ‘मोरी-सान’, म्हणजे मोरीसाहेब, म्हणताना ती एकदाही हसली नाही. ही नोकरी तिला हवीच होती. भूकंपानंतर टोकियोजवळच्या ग्योतोकुतली शेजारची भारतीय मंडळी चंबूगबाळं आवरून परतली, तेव्हा नवरा श्रीहरीही तिकिटं काढायला निघाला होता. “मी नाही येणार,” म्हणून ही बाई ठाण मांडून बसली, दोन वर्षं जपानी घोकली आणि टोकियोतल्या एका छोट्या प्रवास कंपनीत चिकटली. सहा महिने उमेदवारी. मग कायम, नाहीतर नारळ.

काम युरोप सहलीच्या पुस्तिकेचं. कुठल्या शहरापासून कुठलं शहर किती किलोमीटर, विमानाला किती वेळ, असा बेचाळीस ओळींचा तक्ता तिनं केला. पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली, झालं. पुण्यात गणित शिकवलेली बाई. तिची वजाबाकी कसली चुकतेय! लिस्बन ते माद्रिद पाचशे किलोमीटर, दोन तास वीस मिनिटं. मोरी-साननी कॅल्क्युलेटरवर दोनदा पडताळलं आणि तक्ता छापखान्यात गेला.

दुसऱ्या दिवशी एका आजोबांचं परतीचं तिकीट काढताना ती थबकली. माद्रिदहून चारला निघालेलं विमान लिस्बनला चार वीसला पोहोचत होतं. पाचशे किलोमीटर वीस मिनिटांत? तिनं दोन्ही शहरांच्या वेळा शोधून पाहिल्या. माद्रिदचं घड्याळ लिस्बनच्या तासभर पुढे! भारतभर एकच वेळ, जपानभरही एकच. इतक्या जवळच्या दोन शहरांची घड्याळं वेगळी असतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मोरी-सानच्याही.

जेवणाच्या सुट्टीत तिनं श्रीहरीला फोन लावला.

“अगं, गप्प बस! कोण घड्याळ लावून बघणार आहे? आधी कायम हो, मग सांग.”

“लोक त्या आकड्यांवर बेत ठरवतात, श्री,” म्हणून तिनं फोन ठेवला आणि तडक मोरी-सानच्या टेबलापाशी जाऊन कमरेत वाकली.

“तक्ता चुकलाय. छपाई थांबवा.”

तिनं सगळं समजावून सांगितलं तसे मोरी-सानचे कान लाल झाले. त्यांनी छापखान्याला फोन केला. मग चूक नोंदवायच्या अहवालाचा कागद काढून ‘चूक कोणाची’ या रकान्यात ते स्वतःचं नाव लिहू लागले.

“तपासलं मी होतं,” ते म्हणाले. “शिवाय तुमची उमेदवारी संपायला नऊच दिवस आहेत.”

सुप्रभाला मोह झाला, खोटं कशाला बोला! पण तिला भयंकर रागही आला. इथं घराचा करार श्रीहरीच्या नावावर, फोन त्याच्या नावावर, तिचा व्हिसासुद्धा श्रीहरीची बायको म्हणून. हा तक्ता तेवढा तिचा एकटीचा होता.

“तक्ता मी केलाय,” ती म्हणाली. “माझंच नाव लिहा.”

मोरी-साननी आपलं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. जपानी लिपीत त्याचं ‘सुपुराबा’ झालं. सुप्रभानं ते वाचून पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून तक्ता पुन्हा करायला बसली.

दहाव्या दिवशी कायम नोकरीचं पत्र आलं. त्यावरही ‘सुपुराबा’च होतं, आणि ते वाचून ती ऑफिसात सगळ्यांसमोर रडली.