घंटेनंतर न जेवणारी लूर्डस

माझी थोरली भावजय लूर्डस पाचूबंदरात लग्नाचा स्वयंपाक करायची. दिवसभर चुलीपाशी हे चाख, ते चाख, आणि वर पाहुण्यांबरोबर रात्रीचं जेवण. बावन्न साली तिच्या पायात माशाचा काटा गेला. जखम काही केल्या भरेना. वसईच्या डॉक्टरांनी लघवी तपासून साखरेचा आजार सांगितला. गोड बंद करा, जेवण कमी करा, म्हणाले.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "पॉलिन, थोडं खानं मला जमनार नाय. तोंड बंद ठेवनं जमंल."

मग तिने आपलं आपणच ठरवलं. उन्हं वर आल्यावर खायचं आणि चर्चची संध्याकाळची घंटा झाली की पाण्याशिवाय काही नाही. सुरुवातीला संध्याकाळी ती ओटीवर भिंतीला टेकून बसे. तिला उठवत नसे. मी घाबरून डॉक्टरांना विचारून आले. गरगरलं तर लगेच साखर द्या, असं त्यांनी बजावलं. मी साखरेची पुडी कमरेला बांधून फिरत होते, पण ती सोडायची वेळ आली नाही.

हळूहळू तिचे आंबट ढेकर गेले. झोप लागू लागली. झंपर सैल झाला, आणि जखमेवर नवी कातडी धरली. डॉक्टर बराच वेळ पाय बघत राहिले. "घंटेमुळे झालं की गोड सोडल्यामुळे, मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण मोडू नका."

पुढे आमच्या वाडीतल्या सिप्रियनच्या मुलाचं लग्न आलं. मटणाचा वास अख्ख्या वाडीत पसरला होता. घंटा झाल्यावर चव बघायला तिने मला बसवलं. स्वतः नुसता वास घेऊन मीठ सांगत होती. सिप्रियनच्या घरी पहिलं ताट स्वयंपाकिणीला देण्याची रीत. त्याने ते स्वतः आणलं.

"घंटा झाली, दादा," लूर्डस म्हणाली.

सिप्रियनचा चेहरा उतरला. चार माणसांसमोर ताट परत येणं म्हणजे अपमानच.

"आज नको. उद्या सकाली तुमच्या घरी येऊन खाईन."

ती पुन्हा चुलीकडे वळली. एवढ्या वासात, दिवसभर राबून, तिच्या चेहऱ्यावर हाव नव्हती की चीडही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. सिप्रियनने ताट तसंच झाकून ठेवलं होतं. ती मांडी घालून बसली, एकेक घास सावकाश चावून जेवली, आणि नवरीसकट सगळं घर उभं राहून तिच्याकडे पाहत होतं.