ताई म्हणायची ती सुस्ती

लॉन्ड्रीत सगळे तिला रफूवाली म्हणत. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून शोधत बसे. तिला फिट्स यायच्या. पण सहा वर्षांत एकही आली नव्हती, कारण तिने गोळी कधी चुकवली नव्हती.

त्यामागे ताई होती. थोरल्या बहिणीलाही हाच आजार. "या गोळ्यांनी अंगात जीव राहत नाही गं," ती म्हणायची. आई चिडायची, "आळसाला निमित्त!" शेवटी ताईने कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. आठव्या दिवशी न्हाणीघराचं दार फोडावं लागलं. फिट येऊन ताई आतच गेली होती.

यंदा रफूवालीचे हात जड झाले. चार टाके घातले की पापण्या मिटत. इस्त्रीच्या वाफेत बाकीच्या घामाघूम, ही स्वेटर घालून. "तुझ्यासाठी शेगडी मागवू का?" इस्त्रीवाली चेष्टा करायची. मग आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला. एका सकाळी तोंड धुताना तिने मान वर केली. आरशातून शेवटच्या दिवसांतली ताई बघत होती, अशीच सुजलेली.

तिने आरशावर टॉवेल टाकला आणि तोंडातून ब्र काढला नाही. सुस्तीचं सांगितलं आणि डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या तर? ती मनातल्या मनात ताईचे ते आठ दिवस मोजायची.

नेहमीच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी नाडी बघायला हात धरला, तो बर्फासारखा. "थंडी वाजते? केस गळतात?"

"गोळ्या बंद करू नका हो!" तिला रडूच फुटलं.

"कोण बंद करतंय? फिटच्या काही गोळ्यांनी रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन कमी होतं. आधी रक्त तपासू."

हार्मोन खरोखरच कमी निघालं. जुन्या गोळ्या तशाच राहिल्या, सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी नवी गोळी आली. तीनेक महिन्यांत बोटं पुन्हा सुईला वश झाली.

आईने एकदा ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "ही कशाची?"

"थायरॉइडची. सुस्ती त्याचीच होती."

आईने पाकीट जपून खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ताईचं रक्त कधी तपासलं होतं का गं आपण?"

"नाही, आई."