पंधरा हजारांच्या वर

धर्मापुरीच्या कडूबाईनं चाळीस वर्षं शेरडं राखली. नवरा गेला तेव्हा एकुलता एक अंगद सात वर्षांचा होता. राहायला पत्र्याचं शेड, भिंतीही पत्र्याच्याच. उन्हाळ्यात सून योगिता तान्ह्या पोरीला घेऊन दुपारभर शेजारच्यांच्या ओसरीवर बसायची.

गेल्या साली घरकुलाच्या यादीत कडूबाईचं नाव आलं. पडताळणीला आलेल्या ग्रामसेवकानं विचारलं, जमीन किती, चारचाकी आहे का, घरात कुणाला महिन्याला पंधरा हजारांच्या वर मिळतात का. अंगद परळीच्या थर्मल वीज केंद्रातली राख उचलणाऱ्या एका कंत्राटदाराकडं होता, पगार साडेबारा हजार. नाव टिकलं.

यादी पक्की करणाऱ्या ग्रामसभेला आठ दिवस उरले होते. अंगद कामावरून आला आणि जेवायलाच बसेना.

"कावून रे? भांडण झालं का कुणाशी?"

"न्हाई माय. सुपरवायझर करतो म्हणलेत. सतरा हजार."

"मग तोंड पाडायला काय झालं?"

"पंधराच्या वर गेलं की घरकुल जातंय. मी नको म्हणून सांगणार हाय."

दुसऱ्या दिवशी कडूबाई शेरडं शेजारणीच्या हवाली करून ग्रामपंचायतीत गेली.

"भाऊसाहेब, पोराचा पगार पंधराच्या वर गेला तर निम्मं तरी घरकुल मिळतंय का?"

"मावशी, यात निम्मं-पाव नसतं," ग्रामसेवक म्हणाला. "मर्यादेच्या आत असलात तर सगळं. वर गेलात तर काहीच नाही."

बाजूला बसलेला सदस्य उत्तरेश्वर तिच्यामागून बाहेर आला. "मावशी, रेशनकार्ड येगळं करून टाका. पोरगं माझ्यात न्हाई म्हणून सांगायचं. लई जणांनी केलंय."

तिच्या दिरानं त्याच्या पोराचं तसंच केलं होतं. कार्ड नुसतं कागदावर वेगळं झालं आणि दोन वर्षांत चूलही वेगळी झाली. कडूबाई म्हणाली, "पोरगं त्याच घरात राहणार अन् मी सभेत उभं राहून त्याला परका म्हणू? न्हाई जमायचं."

घरी येऊन तिनं अंगदला सांगितलं, "सतरा घे."

"कंत्राट सुटलं तर? मग घरबी न्हाई अन् पगारबी न्हाई."

"सुटलं तर बघू. पगार वाढू नये म्हणून जपत बसायचं, हे काय जगणं हाय? आज घर, उद्या आणखी काही. कुठवर आखडून राहशील?"

अंगदनं दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला होकार कळवला. योगिता मात्र दोन दिवस सासूशी धड बोलली नाही.

ग्रामसभेत कडूबाई उभी राहिली आणि तिनं स्वतःचं नाव कमी करायला सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला येड लागलं की!" ग्रामसेवकानं दोनदा विचारून खात्री केली, अंगठा घेतला. त्या साली गावाला जितकी घरं मंजूर झाली, त्यात तिच्या सुटलेल्या जागेमुळं शेवटचं नाव सटवाचं बसलं. तो तिच्यासारखाच शेरडं राखणारा. संध्याकाळी तो येऊन चहा पिऊन गेला.

अंगद सुपरवायझर झाला. वाढलेल्या पगारातून त्यांनी दोन खोल्यांचा पाया भरला. भिंती खिडकीच्या वर गेल्या आणि कंत्राटाची मुदत संपली. तीन महिने काम नव्हतं. कडूबाईनं परळीच्या बाजारात नऊ शेरडं विकली. पुढं नव्या कंत्राटदारानं अंगदला घेतलं, पण सोळा हजारांवर. स्लॅबला पैसे पुरेनात, तेव्हा जुन्या शेडचेच पत्रे विटांच्या भिंतींवर चढवले.

सटवाचं घर पूर्ण झालं, स्लॅबसकट. वास्तूच्या जेवणाला कडूबाई गेली. पंगतीत शेजारी बसलेल्या केसरबाईनं हळूच विचारलं, "वाईट न्हाई वाटत का ग?"

"वाटतं की," कडूबाई म्हणाली. "मघाशी वर बघितलं तवा लई वाटलं."

मग तिनं वाढणाऱ्याकडून आणखी एक पोळी मागून घेतली. अंगदच्या स्लॅबचं काम दिवाळीनंतर काढायचं ठरलं आहे.