लाल ओढणीचं फूल

तिचं नाव मी विचारलंच नाही. कल्याणच्या निर्वासित छावणीतली ती सिंधी बाई ताणलेल्या गोणपाटातून आकडीनं चिंध्या ओढून फूल भरत होती, माझ्या बुटक्या स्टुलासाठी. लाल चिंध्या संपल्या, तशी तिनं ट्रंकेतून लाल ओढणी काढली, नाकाशी धरली आणि कात्री लावली. फूल भरून झालं, गोणपाट स्टुलावर ठोकून झालं. मी हात पुढे केला, तर ती स्टूल सोडेना.

"यावर पाय कोण ठेवणार?"

"सासूबाई," मी चाचरले. "पाय सुजलेत त्यांचे."

तिची बोटं फुलात रुतली. "ओढणी आईची आहे. ती तिकडेच राहिली, सिंधमध्ये."

मी हात मागे घेतला.

तिनंच मग स्टूल माझ्याकडे सरकवलं. "म्हातारीचेच पाय ना? ठेवू दे. माझ्या आईचे आता कोण चेपत असेल?"